ओढ्यापलीकडे माझा शब्द

चौथा महिना, ९. १७६५

एका दारात दोन शेरीफ! उजवीकडे पेनसिल्व्हेनियाचा, डावीकडे मेरीलँडचा. दोघांच्या हातात वॉरंट आणि दोन्ही कागदांवर नाव एकच — व्हेल्टेन मोझर. माझा नवरा जोएल गेल्यापासून माझी पाणचक्की तोच चालवतो. ओढ्याकाठी राहतो. माझा शेजारी.

"बाई, हा माणूस आमचा."

"तुमचा कसा? प्रेत आमच्या ओढ्यात सापडलं!"

"डोकं कुठल्या काठाकडं होतं? आमच्या. तुमच्याकडं नुसते पाय."

"मग डोक्याचा खटला तुम्ही चालवा, पायांचा आम्ही चालवतो!"

माझ्या अंगणात उभे राहून एका मेलेल्या माणसाची अशी वाटणी करत होते. मेलेला — एझ्रा कॉल्व, मेरीलँडचा हवालदार. सातव्या वारी, ज्याला बाकीचे शनिवार म्हणतात, संध्याकाळी ओढ्याच्या उतारावर, लोक पाण्यातून पलीकडे जातात तिथं सापडला. डोकं फुटलेलं. आठवड्यापूर्वी त्यानं व्हेल्टेनचा मासे धरायचा बांध लाथेनं मोडला होता, आणि व्हेल्टेन चक्कीच्या दारात चार गिऱ्हाइकांदेखत ओरडला होता — "परत इथं पाय टाक, तो पाय परत घेऊन जाणार नाहीस!" आता ते चौघं हे वाक्य सगळीकडं सांगत फिरतायत.

पण सातव्या वारी भर दुपारपासून अंधार पडेपर्यंत व्हेल्टेन माझ्या गोठ्यात होता! तांबडी अडली होती. वासरू उलटं. त्याचा हात कोपरापर्यंत आत, मी शेपूट धरून उभी. घामानं दोघंही भिजलो. मला दुसरं कुणी दिसलं नाही.

हे मी दोन्ही शेरीफांना सांगितलं. मेरीलँडचा म्हणाला, "कोर्टात सांगा."

"सांगेन. तू बोलावशील तेव्हा येईन."

तू म्हटल्यावर त्याचा चेहरा! "बाई, मी शेरीफ आहे."

"देवालाही आम्ही तूच म्हणतो. तुला त्याच्या वर कसं चढवू?"

बोलायला नको होतं. त्यात नम्रता नव्हती, गंमत होती. व्हेल्टेनला दोरी बांधत होते आणि मी शब्द फेकत होते.

चौथा महिना, १०

व्हेल्टेनला कुणाच्या तुरुंगात न्यायचं यावर रात्रभर वाद. शेवटी ठरलं — कुणाच्याच नाही. चौरस्त्यावरच्या खानावळीच्या माडीवर ठेवलाय. दारात दोन पहारेकरी, प्रत्येक प्रांताचा एक. दोघं पत्ते कुटतात आणि भांडण झालं की कैद्याला निवाडा विचारतात!

"शेजारीणबाई, या दोघांत न्यायाधीश मीच," व्हेल्टेन म्हणाला.

हसले. घरी येऊन रडले.

चौथा महिना, १५

आज दोन्ही प्रांतांचे न्यायाधीश खानावळीत बसले. आधी कोण बोलणार यावर पाऊण तास. मग वकील. जखम कुठं झाली? मेला कुठं? मारणारा राहतो कुठं? मेलेला कुणाचा नोकर? एकेका प्रश्नाला दोन दोन उत्तरं, आणि दोन्ही राजाच्या शिक्क्याची! ऐंशी वर्षं झाली म्हणे, दोन जमीनदार घराणी या पट्ट्यावरून भांडतायत. मी इथं वीस वर्षं चुली पेटवल्या. कुठल्या प्रांतात पेटवल्या ते मला सांगता यायचं नाही.

शेवटी एकच ठरलं. विलायतेहून मोजणीदार आलेत, ते सीमेची रेघ ओढत पूर्वेकडून येतायत. त्यांची रेघ इथवर येऊ दे. ओढ्याचा उतार ज्याच्या बाजूला, खटला त्याच्या कोर्टात. दोन्ही बाजूंनी मान्य केलं.

मी म्हटलं, मला काय? कुठंही असो, मी खरं तेच सांगणार.

पेनसिल्व्हेनियाच्या बाजूचा वकील, जेरेड लायटन, मला जिन्याखाली घेऊन गेला.

"नीट ऐका. आमच्या कोर्टात तुम्ही 'खरं सांगते' म्हणालात की पुरे. तुमच्या पंथासाठी तसा कायदाच आहे. पण मेरीलँडमध्ये, फाशीच्या खटल्यात, धर्मपुस्तकावर हात ठेवून, पुस्तकाला ओठ लावून शपथ घेतल्याशिवाय एक अक्षर ऐकत नाहीत."

"आणि नाही घेतली तर?"

"तर तुम्ही गोठ्यात नव्हताच. फक्त गाय होती. आणि गायीची साक्ष कोर्ट घेत नाही."

वर पहारेकऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. तेच तोंड, तीच जीभ, तेच वाक्य — ओढ्याच्या अलीकडे तो शब्द, पलीकडे नुसता वारा. माणसाचा जीव मध्ये. मला भीती वाटली, पण खरं लिहायचं तर भीतीपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या एवढ्याशा तोंडात ठेवलीय!

चौथा महिना, १६

प्रिसिला आली. जोएलची बहीण, आमच्या पंथाच्या सभेत वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसते. सारं तिच्या कानावर आलेलं. माझ्या हातातली परात घेतली आणि पीठ मळायलाच बसली.

"वहिनी, शपथ म्हणजे काय गं? आज मी खरं बोलते, असं सांगायचं. म्हणजे काल नव्हते बोलत? आपल्याकडं खऱ्याचे दोन भाव नाहीत."

"माहीत आहे."

"तुझे आजोबा विलायतेच्या तुरुंगात कशापायी गेले?"

"माहीत आहे, प्रिसिला." पुस्तकाला ओठ लावले असते तर त्याच दिवशी सुटले असते. नाही लावले. तिसऱ्या हिवाळ्यात तापानं गेले. आईनं हे मला इतक्या वेळा सांगितलंय की आजोबांचा खोकला मी ऐकलाय असं वाटतं.

"आणि व्हेल्टेन?" मी विचारलं.

ती पीठ मळत राहिली. "रेघ वर पडेल की खाली, ते देवाच्या हातात. तोवर गप्प बस," म्हणाली. पीठ जरुरीपेक्षा फार मळलं गेलं. भाकरी दगडासारख्या झाल्या.

चौथा महिना, २१. पहिला वार.

ज्याला आतून सुचेल त्यानं सभेत उठून बोलायचं, पण दोन तास कुणीच उठलं नाही. एवढी शांतता! त्यात मी एकटीच ओरडत होते, आतल्या आत.

पाचवा महिना, ३

आले! तीस माणसं, गाड्या, तंबू, कुऱ्हाडी. पलीकडच्या गव्हाच्या शेतात तळ ठोकलाय. एका गाडीत पिसांची गादी, आणि गादीवर माणूस नाही — माणसाएवढी उंच पितळी नळी! आजारी राणीला न्यावं तशी चारजणांनी हळूच उतरवली.

त्यांच्यासाठी पाव भाजून देते. साखळी ओढणारा एक आयरिश माणूस आहे, टीग नावाचा. तोंडाळ.

"मावशी, आणखी पाव आहे?"

"मी चव्वेचाळीस वर्षांची आहे."

"बरं, ताई! आणखी पाव आहे?"

रेघ कुठं पडेल म्हणून विचारलं. त्यानं बोट वर केलं. "वरचे ठरवणार. आम्ही खालचे फक्त चिखलात चालतो."

पाचवा महिना, ६

आज मी जे पाहिलं ते लगेच लिहून ठेवते.

दुपारचे दोन. लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. पाव पोचवायला गेले तर मोजणीदारांचा म्हातारा मदतनीस तंबूतून बाहेर आला. "बाई, तारा बघायचा?"

"चेष्टा करतोस?"

मागून टीग — "बघा बघा ताई! एरवी आम्ही लोकांना ठोसा मारून दिवसा तारे दाखवतो, हा फुकट दाखवतोय!"

तंबूच्या छताला भोक. नळी आभाळाकडं सरळ उभी. तिच्या खाली फळी, फळीवर उताणं पडून बघायचं. एवढ्या पुरुषांदेखत विधवेनं फळीवर उताणं पडायचं! पडले. टोपी काढून ठेवली आणि पडले.

आधी नुसतं फिकट निळं. निळ्यात मधोमध केसासारखी एक रेष. डोळ्यात पाणी आलं, पापणी मिटली, उघडली — आणि तो होता! पांढरा, बारीक, टाचणीच्या टोकाएवढा. भर दुपारी! हळूहळू केसाकडं सरकत होता. म्हातारा शेजारी घड्याळाचे ठोके मोजत होता. तारा केसापाशी आला, क्षणभर केस त्याच्यातून गेला, मग पलीकडे.

"केवढा शांत चालतो," मी म्हणाले.

"तो चालत नाही, बाई. तुम्ही चालताय. ही फळी, हे शेत, मी, तुमचे पाव — सगळे चाललोय."

उठताच येईना. बाहेर आले तर ऊन तसंच, माणसं तशीच, कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं. आणि वर ते सगळे होते! दिवसभर असतात. लहानपणापासून प्रत्येक दुपारी माझ्या टोपीवर तारे होते आणि मी कपडे वाळत घालत होते. कुणी त्यांना पुस्तक पुढं करत नाही. ते आपले असतात.

यांना विचारून रेघ ओढणार आहेत. चला, शेरीफांपेक्षा तरी बरे.

पाचवा महिना, ८

टीगनं आज पाव घेताना आवाज खाली आणला. खानावळीत बसतो, सगळं ऐकून आलाय.

"ताई, खुंट्या मीच ठोकतो. आपल्या उतारापाशी शे-दोनशे पावलं खाली ठोकली, तर उतार पेनसिल्व्हेनियात आणि तुमचा जर्मन चक्कीवाला सुटला. आभाळाला काय कळणार आहे?"

"नको."

"विचार तरी करा!"

"केला."

केला होता. तो म्हणाला त्या क्षणी मनात खुंटी हलवूनसुद्धा झाली होती. मोठी वाटते मी बाहेरून — "नको" म्हणणारी. इथं लिहून ठेवते, नको म्हणण्याआधी मी एक श्वास थांबले होते.

पाचवा महिना, १८

पडली.

लाकूडतोडे सकाळी आले. नऊ पावलांची पट्टी जंगलातून सरळ कापत नेली — टेकडी आली तर टेकडीवरून, खाच आली तर खाचेतून. कुठं वळण नाही. आमच्याकडं बाईची वाट झऱ्याकडं वळते, गुरांची वाट सावलीकडं वळते. ही कशाकडंच वळत नाही. तिच्या मधोमध उभी राहून पूर्वेकडं पाहिलं, तर झाडांच्या भिंतींमध्ये आभाळाचा बारीक उभा तुकडा, आणि तो सरकत जाऊन कुठं संपतो ते दिसेना. देवाच्या मनातली रेघ अशीच असेल का? की देव वळण घेतो?

घर, गोठा, चक्की — पेनसिल्व्हेनियात. ओढ्याचा उतार दीडशे पावलं खाली — मेरीलँडात. तांबडी आता रोज दुसऱ्या प्रांतात चरायला जाणार.

टीग माझ्याकडं बघेना. पाव न घेताच गेला.

पाचवा महिना, २०

व्हेल्टेनला दक्षिणेला नेलं. या वेळी पहारेकरी एकच. गाडीतून म्हणाला, "शेजारीणबाई, माझ्यासाठी तोंड बाटवू नका. चक्कीचा वरचा दगड टाकी मारून घ्या, दाणा भरडा येतोय."

दगडाचं सांगत होता! फाशी जाणारा माणूस!

सहावा महिना, २. पहिला वार.

सभेत आतल्या उजेडासाठी थांबले. उजेड आला नाही. का आला, आणि मीच म्हटलं हा नको, दुसरा दे?

सहावा महिना, १२

खाडीकाठच्या गावी, कोर्ट. काल निघाले, आज पोचले. रात्री कुठल्याशा ओसरीवर बसूनच काढली. प्रिसिलाला सांगितलं नव्हतं.

लाल झगा, पांढरा केसांचा टोप, त्याच्या आत एक थकलेला माणूस. मला त्याची कीव आली — एवढ्या उन्हात! व्हेल्टेन कठड्यात. दाढी वाढलेली. मला बघून मान हलवली — नको.

मी तू म्हणताच कारकून म्हणाला, "न्यायमूर्तींना आपण म्हणायचं, बाई."

न्यायाधीशच म्हणाला, "राहू दे. हे लोक राजालाही तू म्हणतात. पुढं चला."

पुस्तक आणलं. काळं, जाड. एका कोपऱ्याचा रंग उडून तिथं कातडं गुळगुळीत झालेलं. किती ओठ! त्यातले खरे किती, खोटे किती — कातडं सगळ्यांनी सारखंच झिजवलेलं.

मी म्हणाले, "हे पुस्तक मी रोज वाचते. ह्यातच शपथेला मनाई आहे."

लोक हसले. न्यायाधीश हसला नाही. "पुस्तकाशी तुमचं भांडण असेल ते घरी. इथं एकच प्रश्न. ओठ लावणार की जाणार?"

मी आजोबांना शोधलं. खरंच शोधलं, त्या गर्दीत. म्हटलं, तू तुझ्या जिवावर नाही म्हणालास. मला दुसऱ्याच्या जिवावर नाही म्हणायचंय. ते सोपं आहे की अवघड? 

मी वाकले आणि ओठ लावले.

वास घामाचा, मेणाचा. थंड. बस्स. काही कोसळलं नाही. खिडकीत माशी होती, ती तशीच होती. माझ्या पंथातल्या माणसांनी शंभर वर्षांत जे केलं नाही ते मी केलं, आणि जग तसंच! तेच सगळ्यात भयंकर वाटलं. आणि त्याच्यापाठोपाठ — काय म्हणू त्याला — कुणीतरी पाठीवर हात ठेवावा तसं.

मग बोलले. गाय कुठल्या रंगाची, विचारलं. तांबडी, एक शिंग मोडकं. वासराचं काय झालं? जगलं. वीतभर उंच उडी मारतं. व्हेल्टेन किती वाजता गेला? घड्याळ नाही माझ्याकडं, चांदणी निघाली तेव्हा.

"त्या वेळात तो एकदाही बाहेर गेला नाही?"

"त्याचा हात गायीच्या पोटात होता. कुठं जाईल?"

आता न्यायाधीश हसला.

बारा पंच बाहेर गेले, पाणी पिऊन यावं तितक्यात आले. एझ्रा कॉल्वच्या खोगिराचा पट्टा तुटलेला सापडला होता, तो कुणी नीट पाहिलाच नव्हता! घोड्यावरून पडून मृत्यू, असं लिहिलं. त्याची बायको मागच्या बाकावर होती. तिच्याकडं कुणीच पाहिलं नाही. मी पाहिलं, पण उशिरा.

व्हेल्टेनला सोडलं. बाहेर येऊन तो जमिनीवर बसला. "शेजारीणबाई," म्हणाला. आम्ही एकमेकांचे हात धरून बसलो, बाजारात, लोकांदेखत.

सहावा महिना, २७

सभेकडून दोघीजणी आल्या, प्रिसिला आणि म्हातारी ॲचसा. चहा घेतला नाही. घेत नाहीत अशा वेळी.

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. चुकलेल्यानं स्वतःच्या हातानं कागद लिहायचा — मी अमुक केलं, ते वाईट होतं, मला खेद आहे. सभेत तो वाचला जातो. मग सगळं पुसलं जातं, आणि खरंच पुसलं जातं, आपले लोक मागाहून टोचत नाहीत. नाही लिहिला तर सभेतून नाव काढून टाकतात.

ॲचसा म्हणाली, "चार ओळी गं, ऑर्फा. माझ्या नवऱ्यानं शर्यतीत घोडा पळवला तेव्हा दोनच लिहिल्या होत्या."

प्रिसिला खिडकीबाहेर बघत होती.

सातवा महिना, ४

लिहिला. फाडला. लिहिला. फाडला.

शपथ घेणं चूक होतं — हे खरं. घेतली नसती तर तो आज मातीत असता — हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरी असतात, दुपार आणि तारा असावेत तशी. पण "मला खेद आहे" हे तीन शब्द आले की लेखणी थांबते.

या सभेशिवाय मी कोण? वीस वर्षं त्याच बाकावर बसले. जोएलचं प्रेतही तिथूनच उचललं. तिसऱ्या खिडकीच्या चौकटीतली गाठसुद्धा पाठ आहे. बाहेर काढलं तर पहिल्या वारी मी जायचं कुठं?

सातवा महिना, ९

शेवटी लिहिलं ते असं —

मी शपथ घेतली. आपला नियम मोडला. सभेतल्या मित्रांना त्यामुळं दुःख झालं, त्याचं मला दुःख आहे. पण केल्याचा खेद झाला असं लिहिता येत नाही. ते खोटं होईल. आणि खोटं बोलायचं नाही म्हणूनच तर आपण शपथ घेत नाही.

प्रिसिला न्यायला आली. उभ्यानंच वाचलं. परत वाचलं. मी म्हटलं आता रागावेल. रागावली नाही. घडी घातली, टोपीत ठेवली, गेली.

सातवा महिना, १३

सभेत माझा कागद प्रिसिलानंच वाचला. वाचून झाल्यावर खाली बसली नाही. "त्या सातव्या वारी मी ताक द्यायला गेले होते. गोठ्याच्या दारातून व्हेल्टेनला पाहिलं, हात गायीच्या पोटात. दोघं कामात होती म्हणून मी तशीच परत फिरले. पुढं शपथ घ्यावी लागेल म्हणून गप्प राहिले. मी शपथ घेतलेली नाही. पण खरं दडवलं, त्याचा कागद मीही लिहिलाय."

मग वडीलधाऱ्यांच्या बाकावरून उतरली. मी सरकून जागा केली.